टाइप वन, तीनशे किलोमीटर आणि थांबायचं कधी?

उशिराची_स्वारी | रविवार, रात्री ९:४०

आधीच सांगते, लांबण लागणार आहे.

टाइप वन मधुमेह जडून मला एकोणीस वर्षं झाली, सायकल जडून पाच. २०० किमीच्या ब्रेव्हे चार झाल्या, चारही वेळेत. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच ३०० ला उतरले आणि २३८ वर सोडून दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. ३०० ला २० तास मिळतात, वाटेतल्या कंट्रोलवर कार्डावर शिक्के घ्यायचे, पहिला-दुसरा असं काही नसतं. म्हणजे हरले म्हणायचीसुद्धा सोय नाही. तरी हरल्यासारखं वाटायचं ते वाटतंच.

झालं असं. १७० च्या आसपास दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर घामाने आणि पावसाने सुटून आला. जादाचा घेतला नव्हता (हो, माहितेय). मीटर होता, त्यामुळे बोट टोचून बघायचं ठरवलं. २१५ ला थांबले. त्याआधी पाचेक मिनिटं गोड जेलचं पाकीट दाताने फाडून खाल्लं होतं, सायकल चालवतच. अंधार, हेल्मेटवरच्या दिव्याच्या उजेडात बोट टोचलं, पट्टीला रक्त लावलं. साखर २४३. म्हटलं, वा, जरा जास्तच खाल्लं की आपण! उतरेल चालवता चालवता. पुढचा तासभर काही खाल्लं नाही. दोन युनिट इन्सुलिन घ्यावं असंही मनात आलं होतं, पण पेन बॅगेच्या पार तळाशी, आणि मला बॅग उपसायचा कंटाळा आला. या आळसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

कारण तो आकडा रक्ताचा नव्हताच. बोटाला लागलेल्या जेलचा होता.

२३८ ला सोबतचा मित्र ओरडला, "अगं रस्त्याच्या मधे येतेयस!" मी म्हटलं, काही नाही, झोप येतेय. तो म्हणाला, किती राहिले सांग. तीनशे वजा दोनशे अडतीस. मला ते येईना. आठातून शून्य वजा करायचं की शून्यातून आठ, आणि हातचा घ्यायचा तो कुठून, यावर मी रस्त्याकडेला उभी राहून अगदी मनापासून विचार करत होते. त्याने माझा हात धरून बाटलीतल्या पाण्याने धुतला, पुसला, टोचला. ४९.

पुढचं सांगत नाही. ग्लुकोज घेतलं, अर्ध्या तासाने माणसात आले, संयोजकांना फोन केला, गाडीतून परत.

आता घरचे म्हणतात, झालं तेवढं पुरे. ग्रुपमधले म्हणतात, मन घट्ट केलं असतंस तर ६२ किलोमीटर म्हणजे काय! दोघांचाही सारखाच राग येतोय. डॉक्टरांशी बोलणं झालंय, ते औषधाचं बघतील. मला इथे वेगळंच विचारायचंय. तुमच्यापैकी जे कुठलंही जुनं दुखणं घेऊन लांब पल्ल्याचं काही करतात, ते थांबायचं कधी हे कसं ठरवतात? थकवा हा तर खेळाचाच भाग. मग यातला खेळाचा कुठला आणि आजाराचा कुठला?

---

चढाला_दम | रविवार, रात्री १०:१५

तुझ्या मित्राला आधी माझा नमस्कार सांग.

मी दमेकरी, अर्धमॅरेथॉनवाला. तुझा प्रश्न माझ्याकडे जरा उलटा येतो. साधा दम लागला असेल तर थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास जागेवर येतो. दमा असेल तर थांबल्यावर वाढतो. पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते, श्वास सोडताना शिटी वाजते. म्हणजे अंतिम रेषा ओलांडून लोक फोटो काढत असतात तेव्हा माझी खरी परीक्षा सुरू होते. एकदा पदक गळ्यात घालून मी वैद्यकीय तंबूत बसलो होतो, आणि तिथली नर्स म्हणाली, पळताना त्रास झाला का? म्हटलं, नाही हो, पळताना बरा होतो.

त्यामुळे माझा नियम: पळताना बोलता येत नाही म्हणून घाबरायचं नाही, पण श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला कष्ट पडायला लागले की तिथेच चालायला लागायचं, एकदम बसायचं नाही. सुरुवातीआधी पंधरा मिनिटं इनहेलर, मग सावकाश वॉर्म-अप. थंड कोरड्या हवेत तोंडाला बफ. ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ, तिला लहानपणापासून दमा, आणि २००३ च्या लंडन मॅरेथॉनमधली तिची २:१५:२५ ही वेळ २०१९ पर्यंत कुणाला मोडता आली नव्हती. हे मी माझ्या आईला दर महिन्याला एकदा ऐकवतो.

---

साखर_मुक्त | रविवार, रात्री १०:५२

ताई, मूळ कारणावरच घाव घाला. कर्बोदकं पूर्ण बंद करा. माझी शुगर तीन महिन्यांत नॉर्मल झाली, गोळ्या सुटल्या. इन्सुलिन हेच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे, शरीराला सवय लागते.

---

आकडेमोड | रविवार, रात्री ११:२०

साखर_मुक्त, तुमचा टाइप टू, त्यांचा टाइप वन. नाव एक, आजार दोन. टाइप वनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते. तिथे इन्सुलिन ही सवय नव्हे, श्वासासारखी गरज आहे. १९२२ पूर्वी, म्हणजे ते माणसांना मिळू लागण्याआधी, हाच "कर्बोदकं बंद" उपाय करत असत. मुलं हाडांचा सापळा होऊन जात. तुमची गोळी सुटली याचा आनंद आहे, पण कृपया हा सल्ला टाइप वनवाल्याला कुठेही देऊ नका.

आता उशिराची_स्वारी, तुझ्याकडे येतो. मीही टाइप वन, ट्रायथलॉन करतो, इन्सुलिनचा पंप वापरतो. तुझी चूक माझ्याकडून दोनदा झालीय, फक्त माझ्या हाताला जेलऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक लागलं होतं. पाणी असेल तर हात धुवायचे. नसेल तर बोट पुसून पहिला थेंब टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. आणि पोटातलं गेलेलं आणि दिसणारा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर पुन्हा टोचायचं. तू तासाला किती ग्रॅम खात होतीस? तेवढ्यावर २४३ शक्य होतं का? हा प्रश्न तिथे विचारायला हवा होता. अर्थात साखर घसरायला लागली की प्रश्न विचारणारं डोकंच आधी बंद पडतं, हा या आजाराचा विनोद.

थोडं यंत्र समजून घेऊ, बाकीच्यांनाही उपयोग होईल. स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढतात. निरोगी माणसाचं शरीर त्याच क्षणी स्वतःचं इन्सुलिन कमी करतं. आपल्याला ते जमत नाही, कारण जे टोचलंय ते टोचलंय, परत काढून घेता येत नाही. म्हणून दोन्हीकडून ओढाताण होते. याउलट जोरदार स्प्रिंट मारली की अ‍ॅड्रेनलिनने साखर वर जाते. घसरण दिसली तर दहा सेकंदांची एक जीव तोडून स्प्रिंट मारायची, थोडा वेळ ती रोखता येते. प्रयोगातून सिद्ध झालेली गोष्ट आहे, पण ही उधारी आहे, पाठोपाठ खायला हवंच.

२०१७ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जे आकडे ठरवले ते मी पाळतो. सुरुवात १२६ ते १८० च्या दरम्यान असावी. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घेऊन थांबायचं. २७० च्या वर असेल आणि कारण कळत नसेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासायचे, ते १.५ किंवा जास्त निघाले तर घरी बसायचं. लांब पल्ल्याला तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. आणि आदल्या २४ तासांत जबर हायपो (साखर फार खाली जाणं) झाला असेल, म्हणजे दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता आलं नसेल असा, तर त्या दिवशी व्यायाम नाही. कारण एका हायपोनंतर दुसऱ्याची घंटा शरीर नीट वाजवत नाही.

तू ६२ किलोमीटर सोडलेस ते म्हणूनच बरोबर होतं, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. ४९ वरून वर आलीस तरी त्या रात्री तुझी घंटा बिघडलेली होती.

---

उशिराची_स्वारी | सोमवार, सकाळी ६:०५

आकडेमोड, तासाला ४० ग्रॅम. आणि २४३ दिसल्यानंतरच्या तासात शून्य. नाही, २४३ शक्यच नव्हतं. आता कागदावर दिसतंय.

घंटेचं वाचून पोटात गोळा आला. घाम, थरथर, छातीत धडधड ही माझी हायपोची लक्षणं, आणि रात्री दहा वाजता चढ चढताना ही तिन्ही प्रत्येकालाच असतात.

---

अवांतर_प्रेमी | सोमवार, सकाळी ९:३०

वाचतोय. अवांतर: बोस्टन मॅरेथॉनमध्ये १९२४ साली डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं होतं. जे पांढरेफटक पडून, गोंधळलेल्या अवस्थेत आले त्यांची साखर फार खाली गेलेली होती, हायपोत दिसते तशीच. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींना आदल्या दिवशी भरपूर कर्बोदकं आणि पळताना गोड गोळ्या खायला दिल्या, तर ते धड आले. इन्सुलिन तेव्हा नवंनवं होतं, म्हणून हायपो कसा दिसतो हे डॉक्टरांना नुकतंच कळलेलं. म्हणजे आज सगळे धावपटू जे जेल चोखत पळतात त्याची उधारी थोडी मधुमेह्यांकडेही आहे.

---

गोळी_रात्रीची | सोमवार, दुपारी १:१०

माझं हृदयाचं. अँजिओप्लास्टी होऊन सहा वर्षं, बीटा ब्लॉकर चालू. कार्डिओलॉजिस्टने ताण चाचणी करून परवानगी दिल्यावर पुन्हा चालणं, मग पळणं.

गंमत अशी की माझं घड्याळ मला सतत "आरामात चाललंय" म्हणतं. गोळीमुळे नाडी १२५ च्या वर जातच नाही, जीव गेला तरी. मी सुरुवातीला त्या आकड्यावर विसंबून पळालो आणि दोन दिवस झोपून काढले. आता घड्याळ मनगटावर फक्त वेळ बघायला. कष्ट किती वाटतात हे स्वतःलाच विचारायचं, बोर्गच्या ६ ते २० च्या मोजपट्टीवर. मी १३ च्या वर जात नाही. सोपी खूण: सोबत्याशी दोन पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. एकटा असलो तर स्वतःशी बोलतो, लोक बघतात, बघू देत.

छातीत, जबड्यात, डाव्या हातात काहीही वेगळं वाटलं की विचार करायचा नाही, थांबायचं. माझ्या बाबतीत "मन घट्ट करणं" म्हणजे थांबताना लागतं ते.

---

अंथरूण_पाहून | सोमवार, रात्री ८:४५

कालपासून लिहू की नको करत होते.

मी चार पूर्ण मॅरेथॉन पळालेली बाई. एका विषाणूच्या तापानंतर एमई/सीएफएस, म्हणजे कष्टाने बळावणारा, वर्षानुवर्षं टिकणारा थकव्याचा आजार. आज माझा पल्ला फाटकापासून कोपऱ्यापर्यंत, तोही रोज नाही. या आजारात कष्टाची शिक्षा लगेच मिळत नाही. आज वीस मिनिटं चालले तर उद्या ठीक वाटतं, परवा अंथरुणातून उठता येत नाही, आणि ते आठवडाभर चालतं. त्यामुळे "शरीराचं ऐका" हा सल्लाही फसवा आहे, कारण ज्या दिवशी ऐकायचं त्या दिवशी शरीर गप्प असतं.

मला सुरुवातीला रोज थोडं थोडं वाढवत न्या असं सांगितलं गेलं. मी खेळाडू, वाढवत नेणं हेच तर येत होतं. मी आज्ञाधारकपणे वाढवत नेलं आणि पाच महिन्यांत व्हीलचेअरवर आले. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक संस्थेने २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याची पद्धत या आजारात वापरू नये असं स्पष्ट लिहिलं. मला उशीर झाला होता.

धाग्याचा विरस करायचा नाही. उशिराची_स्वारी, तू सायकल चालव. पण अशा धाग्यांवर शेवटी कुणीतरी "इच्छाशक्ती असेल तर कुठलाही आजार आड येत नाही" असं लिहितंच. ते यावेळी कुणी लिहू नका, एवढंच.

---

चढाला_दम | सोमवार, रात्री ९:०२

माझ्या प्रतिसादाच्या शेवटी तेच वाक्य होतं, पाठवण्याआधी खोडलं होतं. बरं झालं खोडलं.

---

पहिलं_दार_डावीकडे | सोमवार, रात्री १०:३०

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, बारा वर्षं. लोक मार्गाचा नकाशा चढ बघायला उघडतात, मी स्वच्छतागृहं बघायला. यावर फार लिहीत नाही, कल्पना करा.

माझा निकष लांबचा आहे, रस्त्यावरचा नाही. आजार भडकलेला असेल तर सराव बंद, नोंदणीचे पैसे गेले तरी गेले. शांत असेल तर सगळं चालू. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) दर तीन महिन्यांनी बघतो, कारण रक्त जातं तेव्हा लोहही जातं, आणि मग चढावर पाय का चालत नाहीत हे सरावात शोधण्यात दोन महिने वाया जातात. पेनकिलर खाऊन पळणाऱ्यांना माझ्यातर्फे दंडवत. आयबुप्रोफेन माझ्या आतड्याला वर्ज्य, आणि लांब पळताना पाणी कमी पडलं तर कुणाच्याही मूत्रपिंडाला धोक्याचंच.

स्टीव्ह रेडग्रेव्हला कोलायटिस होता, शिवाय १९९७ मध्ये मधुमेह निघाला, आणि २००० मध्ये सिडनीला त्याने रोइंगचं पाचवं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. अंथरूण_पाहून, हे "बघा तो करू शकतो" म्हणून लिहीत नाहीये. त्याच्या दिमतीला डॉक्टरांची फौज होती, माझ्याकडे एक पिशवी आणि जादाची चड्डी आहे.

---

मागची_गाडी | मंगळवार, रात्री १२:२०

मी पळत नाही, सायकल चालवत नाही. माझी बायको टाइप वन आहे आणि अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांबच्या शर्यती, पळते. घरचे "पुरे" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं ते सांगायला लिहितोय.

शर्यतीची मला भीती नाही. तिथे डॉक्टर असतात, माणसं असतात, ती जागी असते. मला भीती त्या रात्रीची. रिकामे झालेले स्नायू आणि यकृत साखर परत भरून घेत राहतात, इन्सुलिन जास्त परिणाम करतं, आणि हे चोवीस तासांपर्यंत चालू शकतं. ती शर्यत संपवून दगडासारखी झोपते आणि मी छताकडे बघत बसतो. घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन आहे, पण ते यकृतातला साठा बाहेर काढून काम करतं. आठ तास पळून आल्यावर तो साठा असतोच कुठे पुरता? डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं त्या दिवसापासून मला झोप नाही.

आमचं बरेच दिवस यावरून वाजत होतं. मी "आकडा किती" असं दर तासाला विचारायचो आणि ती चिडायची. मग तिने सेन्सरचे आकडे माझ्या फोनवर जोडून दिले. आता मी विचारत नाही, बघतो. भांडणं निम्म्यावर आली. उशिराची_स्वारी, तुमचे आकडे घरी कुणाला दिसतात का?

---

उशिराची_स्वारी | मंगळवार, सकाळी ६:३०

नाही दिसत. कधी जोडलेच नाहीत. माझा आजार, माझा आकडा, असं होतं डोक्यात. विचार करते.

---

दोन_चाकी_वाचक | मंगळवार, सकाळी ११:१५

इन्सुलिन डोपिंगच्या यादीत आहे ना? मग चालतं कसं?

---

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२:४०

यादीत आहे. ज्या स्पर्धांना ते नियम लागू होतात तिथे उपचारासाठी वापरायची वैद्यकीय सूट आधी घ्यावी लागते, मधुमेह्यांना ती मिळते. टीम नोवो नॉर्डिस्क हा व्यावसायिक सायकल संघ २०१३ पासून आहे, त्यातले सगळेच्या सगळे रायडर मधुमेही. चढाला_दम, तुमच्या इनहेलरमधल्या सॅल्ब्युटामॉललाही मर्यादा आहे: श्वासावाटे २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, त्यातही कुठल्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही.

आणि ग्रुपमधल्या "मन घट्ट"वाल्यांसाठी: क्रिस फ्रीमन, अमेरिकेचा क्रॉस-कंट्री स्कीअर, टाइप वन, चार हिवाळी ऑलिंपिक. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये ३० किमीच्या शर्यतीत साखर घसरून बर्फावर आडवा पडला. दुसऱ्या संघातल्या कुणीतरी त्याला गोड पेय आणि जेल दिलं, मग उठून त्याने शर्यत पूर्ण केली. मन त्याचं घट्टच होतं, तरी आडवा पडलाच. उठला तो साखरेने.

---

अंथरूण_पाहून | मंगळवार, दुपारी ४:००

हे आवडलं.

---

उशिराची_स्वारी | मंगळवार, रात्री ११:०५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. वेगवेगळे आभार मानत नाही.

मी ठरवलेलं लिहून ठेवते, म्हणजे मोडलं तर इथे कुणीतरी कान धरेल. सेन्सर बंद पडला आणि दुसरा लावता आला नाही, तर पुढच्या कंट्रोलवर ब्रेव्हे संपली. ७० च्या खाली एकदा गेले तर सावरून पुढे जाईन, ५४ च्या खाली गेले तर नाही, कितीही बरं वाटलं तरी. आणि दर अर्ध्या तासाला एक वजाबाकी. मित्राने आकडे विचारायचे, मी उत्तर द्यायचं. चुकलं किंवा चिडले तर थांबायचं. (चिडणं त्याने घातलंय यादीत. म्हणतो, आकड्याआधी तू तिरसटच होतेस.)

"खेळाचा थकवा कुठला आणि आजाराचा कुठला" याचं उत्तर मात्र मला मिळालं नाही. रस्त्यावर ते कळणार नाही असं धरूनच घरी बसून नियम करायचे, असं तुम्ही सगळे वेगवेगळ्या शब्दांत म्हणताय बहुतेक. शनिवारी १४० किमीची चाचणी आहे.

---

पहिलं_दार_डावीकडे | मंगळवार, रात्री ११:१२

जादाचा सेन्सर. जादाची चड्डी. शुभेच्छा.

---

उशिराची_स्वारी | रविवार, पहाटे ३:१२

१४० झाले. सातव्या वजाबाकीला चिडले होते, थांबले, ७८ निघाली, खाल्लं, पुढे गेले.

आत्ता सेन्सरने उठवलं. ६२. हो, तोच आकडा. त्या कुशीवर झोपल्याने सेन्सर दबला असेल आणि खोटं बोलत असेल म्हणून हात धुऊन बोटाला टोचलं, ६४. म्हणजे खरंच आहे. तीनशे वजा दोनशे अडतीस करून पाहिलं, जमलं. ग्लुकोजच्या चार गोळ्या चघळल्या आणि आता पंधरा मिनिटं थांबायचंय, म्हणून लिहितेय.

मागची_गाडी, बुधवारी आकडे जोडून दिले. नवरा आत्ता माझ्याकडे पाठ करून झोपल्याचं सोंग घेऊन पडलाय. पांघरुणाच्या आत फोनचा उजेड दिसतोय. मी काही बोलले नाही, तोही बोलत नाहीये.

पंधरा मिनिटं झाली. ८८, बाण वर. उजेड विझला.